आत ढकललेली खोली

शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. "ती खोली आत जाईना रे. बटण दाबलं की नुसता टक् आवाज येतो. दुपारी ती माणसं न्यायला येणार. तू येतोस का?"

ती खोली म्हणजे त्यांच्या कॅरॅव्हॅनची बाहेर सरकणारी बाजू. कॅरॅव्हॅन उभी करून बटण दाबलं, की सोफा आणि खिडकीसकट अख्खी भिंत बाहेर सरकते आणि आत पाय पसरायला जागा होते. रस्त्यावर काढायच्या आधी ती परत आत घ्यावीच लागते. न्यायला येणारी माणसं म्हणजे गिऱ्हाईक. आणि कॅरॅव्हॅन विकून टाका, असं ताईला सांगणारा मीच.

दाजींनी ती सेकंडहँड घेतली होती. शारजातून दुबईला कामाला जाण्यात, रोजच्या ट्रॅफिकमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. थंडी पडली की दोघं पिकअपला कॅरॅव्हॅन जोडायचे आणि कुठेतरी समुद्रकाठी जाऊन राहायचे. मग दाजींना अर्धांगाचा झटका आला. बोलणं, चालणं सुधारलं, पण उजव्या हातातली पकड गेली आणि ड्रायव्हिंग सुटलं.

"एकदा खोरफक्कानच्या समुद्रापर्यंत ओढशील का रे?" त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "नेक्स्ट वीकेंडला जाऊ, इन्शाल्ला." मग ऑफिसचं क्लोजिंग आलं, मुलीची परीक्षा आली, सासूबाई आल्या. काही महिन्यांनी त्यांनी विचारणं सोडलं. दिवाळीच्या फराळाला मी ताईला किचनमध्ये म्हणालो, "कॅरॅव्हॅन यार्डात नुसती धूळ खात उभी आहे. काढून टाका." त्या वेळी मला ते अगदी व्यवहाराचं बोलणं वाटलं होतं.

"पण खोली बाहेर काढली कशाला होती?" मी फोनवर विचारलं.

"आम्ही दर शनिवारी यार्डात जाऊन बसतो ना," ताई सहज म्हणाली. "थर्मासमधून चहा नेतो. त्या सोफ्यावर बसून पितो आणि घरी येतो."

हे मला माहीत नव्हतं. दुबईतल्या अल बर्शाहून, माझ्या घरून, शारजाला पोचेपर्यंत मी रेडिओ लावला नाही.

यार्डात दाजी फोल्डिंगच्या खुर्चीवर बसले होते. "आलास? बरं झालं," म्हणाले. टोमणा नाही, काही नाही. मी बॅटरी बघितली, फ्यूज बदलून पाहिला. मोटर ढिम्म. दाजी म्हणाले, "खलास झाली असेल. हाताने फिरवावी लागेल. हँडल पलंगाखाली आहे."

मी जुना टॉवेल अंथरून कॅरॅव्हॅनखाली सरकलो. मोटरला एक छोटी खिट्टी असते, ती वळवली की मोटर सुटी होते. मग खोली सरकवणाऱ्या दांड्याच्या टोकाला हँडल बसवून फिरवायचं. खिट्टी वळेना. दाजी वाकू शकत नव्हते, म्हणून ताईला जमिनीवर बसवून तिच्या मोबाइलचा टॉर्च माझ्यावर धरायला लावत होते. "जोर नको लावूस. आधी थोडी पुढे ढकल, मग वळव." तसं केलं आणि ती वळली.

हँडल फिरवायला लागलो. खूप फिरवावं तेव्हा खोली बोटभर सरकायची. रुळांतली वाळू करकरायची, वरून डोळ्यांत पडायची. दोन्ही कडा सारख्याच आत जायला हव्यात, नाहीतर खोली तिरकी होऊन अडकते. दाजी एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे पाय ओढत फिरत होते. "डावी मागे आहे. थांब. हं, आता चालू दे." मी घामाने भिजलो होतो, आणि खरं सांगायचं तर त्या घामाने मला बरं वाटत होतं. निदान काहीतरी करत होतो.

मध्येच हँडल एकदम जड झालं. दोन्ही हातांनी जोर लावला तरी जेमतेम हलायचं. "दाजी, बघा बरं, अडकलंय का काही?" उत्तर नाही. मी परत ओरडलो.

ताई खाली वाकली. हळूच म्हणाली, "ते आत जाऊन बसलेत."

मी घाईने बाहेर आलो. दाजी सोफ्यावर खिडकीशी बसले होते. खोली अर्धी आत आल्यामुळे त्यांचे गुडघे समोरच्या कपाटाला टेकायला आले होते.

"दाजी, अहो, पाय सापडला असता!"

"हो, चुकलंच. उठतो."

पण ते उठले नाहीत. मी दारात उभा राहून म्हणालो, "विकायची नसेल तर सांगा. त्यांना आत्ता फोन करतो."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "आणि ओढणार कोण?"

त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं होतं. मी म्हणायला हवं होतं, मी ओढेन. जिभेवर आलंही होतं. पण मला लगेच पुढचे वीकेंड दिसायला लागले, आणि खोटं बोलण्याची हिंमत झाली नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग डाव्या हाताने कपाटाचा आधार घेऊन उठले. "चल, यल्ला. उशीर होतोय."

उरलेली खोली मी मुकाट्याने आत घेतली. कडेची रबरी पट्टी भिंतीला चिकटली तेव्हा दाजींनी वरून कॅरॅव्हॅनवर थाप मारली. "बस. आता खिट्टी परत वळव. विसरलास तर वाटेत खोली बाहेर येईल."

गिऱ्हाईक दुपारी आलं, केरळचं जोडपं आणि त्यांच्या दोन मुली. मोटर बंद पडल्याचं दाजींनी हिंदीत आधीच सांगून टाकलं आणि हँडल कुठे ठेवायचं तेही दाखवलं. "मेरे साले ने बहुत मेहनत की आज," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. मला त्या केरळी माणसाच्या नजरेला नजर देता आली नाही. कॅरॅव्हॅन फाटकाबाहेर वळेपर्यंत ताई बघत उभी होती. दाजी मात्र आधीच गाडीत जाऊन बसले होते.

पुढच्याच शनिवारी मी दोघांना माझ्या गाडीतून खोरफक्कानला नेलं. चहा, भडंग, घडीच्या खुर्च्या, सगळं घेतलं. हवा चांगली होती. ताईने पाय पाण्यात बुडवले. दाजी तासभर समुद्राकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "छान झालं. निघू या आता, तुला परत तेवढं ड्रायव्हिंग आहे."

ते उठून एका हाताने खुर्चीची घडी घालायला लागले. खुर्ची पुन्हा पुन्हा उघडत होती. मी धरायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, जमेल मला." मी वाळूत उभा राहून बघत राहिलो.