आमची आर्या तलवार उचलत नाही

एखादी गोष्ट घरात सांगून हसू आलं की ती संपते, असं मला वाटायचं. पण आमच्या रविवारच्या टेबलावरच्या गोष्टी संपत नाहीत. एक सांगायला घ्यावी, तर मागून दुसरी म्हणते, "आणि माझं काय?"

आधी टेबलाविषयी सांगते. माझी मुलगी मुक्ता दर रविवारी दुपारी आमच्या इंदिरानगरच्या घरी रोल-प्लेइंग गेम चालवते. ती गोष्ट सांगते आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. मनातलं जमलं की फसलं, ते वीस पैलूंचा फासा ठरवतो. सातपूरच्या कंपनीत इंजिनिअर असलेला समीर कुऱ्हाडवाला योद्धा आहे. शाहीन शाळेत गणित शिकवते आणि इथे कुलुपं फोडते! त्यांच्यातल्या तिसऱ्या खेळाडूची पुण्याला बदली झाली, आणि मुक्ता म्हणाली, "आई, बस ना. फक्त आजच्यापुरती."

"शस्त्र कोणतं देऊ? तलवार, भाला, धनुष्य?"

"अगं, आज संकष्टी. आज कुणाला मारायचं नाही."

"मग तू करणार काय?"

"वाचेन!"

अशी आमची आर्या जन्मली. किल्ल्याची ग्रंथपाल, खांद्याला पुस्तकांची झोळी. चंद्रोदयाला माझा उपवास सुटला, पण आर्याचा नेम तोच राहिला. एकदा धरलं ते धरलं.

*

फासा टाकण्याआधी मी तो कपाळाला लावते. समीरनं पहिल्याच दिवशी हरकत घेतली. "काकू, देवाला मध्ये आणायचं नाही. चीटिंग आहे ही!"

मी टाकला. वीस!

पुढच्या रविवारी पाहते तर समीर टेबलाखाली वाकून काहीतरी शोधतोय. शोधत कसला होता! फासा कपाळाला लावत होता.

*

भुयारातल्या भिंतींवर मुक्ता काहीबाही कोरून ठेवते. पूर्वी कुणी तिकडे बघायचं नाही. बिचारी रात्र रात्र जागून लिहायची आणि ही मंडळी तशीच पुढे पळायची. मी मात्र प्रत्येक भिंतीशी थांबते.

एकदा असाच मोठा शिलालेख लागला. मी एकेक ओळ वाचून घेत होते. मुक्ता सारखी घड्याळाकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"आई, वळणापलीकडे सात राक्षस दबा धरून बसलेत गं!"

"बसू देत. चार ओळी राहिल्यात."

मुक्तानं कपाळाला हात लावला आणि राक्षसांना धीर निघतो का, यासाठी फासा टाकला. निघाला नाही. एकाला शिंक आली!

*

आर्याची एक वही आहे. वाटेत जो भेटेल त्याचं नाव, गाव, अडचण त्यात लिहायची. वाड्याचं एक दार काही केल्या उघडत नव्हतं. समीर तीन रविवार त्यावर कुऱ्हाड घालत होता. तिथे पाणी भरायला एक बाई आली. मी वही चाळली आणि विचारलं, "गोदाक्का, तुमची शेळी बरी आहे का आता?"

मुक्ता गोंधळली. शेळी तिनंच वर्षभरापूर्वी आजारी पाडली होती आणि विसरली होती! मग गोदाक्कांच्या आवाजात हळूच म्हणाली, "इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं गं बाई. ये, मागनं वाट हाय."

समीर माझ्याकडे बघतच राहिला. "तीन रविवार माझे गेले, आणि दार उघडलं शेळीनं!"

*

भजनी मंडळात एकीनं विचारलं, "रविवारी येत नाही हो तुम्ही हल्ली?"

"रविवारी मी ग्रंथपाल असते."

"अगंबाई! कुठे?"

"एका पडक्या किल्ल्यात."

"जायला बस आहे का?"

*

पण सगळेच रविवार हसण्याचे नव्हते. एका लढाईत समीरचा योद्धा मरता मरता वाचला. शत्रूची तलवार आर्याच्या पायाशी पडली होती. मी ती उचलली नाही, जखम बांधायला धावले. समीर त्या दिवशी चहा न घेताच गेला. संध्याकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज आला : "किल्ल्याच्या शेवटच्या दाराशी लढणारा माणूस हवा. माझा मित्र यायला तयार आहे. आर्याला मागे ठेवू या. काकू, राग मानू नका."

राग नाही आला. मेसेज मात्र पुन्हा पुन्हा वाचला. मी मुक्ताची आई, ह्यांची बायको, कॉलनीची काकू. आर्या तेवढी मी स्वतः घडवलेली होती.

मुक्तानं उत्तर दिलं, "या रविवारी दार उघडलं नाही, तर पुढच्या वेळी तुझा मित्र."

रविवार आला. दाराशी एक मेलेला राजा उभा. मुक्ता घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बारा वर्षं हे दार राखण्याचं व्रत आहे माझं. मागे फिरा!"

समीरनं कुऱ्हाड घातली. ती धुक्यातून जावी तशी आरपार गेली. पुन्हा घातली. पुन्हा तेच. शाहीनचा सुरा गेला, तिची कुलपाची तारही गेली. राजानं एकाच फटक्यात समीरला गुडघ्यावर आणलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. समीर सोडून.

मी विचारलं, "महाराज, व्रत कधी घेतलंत?"

"हा वड रोप होता तेव्हा."

त्या वडाच्या पारंब्यांनी अर्धा तट झाकला होता.

"मग बारा वर्षं केव्हाच सरली. उद्यापन केलंत का?"

मुक्तानं आपले कागद खालीवर केले. त्यात हे कुठेच नव्हतं. तिनं कागद मिटून ठेवले. आणि अगदी हळू, राजाच्याच आवाजात म्हणाली, "करून द्यायला कुणी उरलंच नाही."

मग समीरनं गुडघ्यावरूनच कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"आर्याबाई, उद्यापनाला पानं किती मांडायची?"