वगळलेल्या इमारतींची यादी

१९९८: शेजारणीचा मुलगा आखातातील एका शहरात रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात नोकरीस लागला. २००३: त्या शहरावर बॉम्ब पडले. जबाबदार: विमाने धाडणारे सरकार, मूग गिळून बसलेले आपले अधिकारी आणि मी.

मांडवीतल्या त्या शेजारीणबाईंची मुलाला जाणारी पत्रे मीच लिहीत असे. युद्धाची चाहूल लागताच त्या म्हणाल्या, "भाऊ, त्याला लिहा, असशील तसा घरी ये."

"रुग्णालयावर बॉम्ब टाकणे कायद्याने निषिद्ध आहे," मी समजावले. "तिथेच तो सुरक्षित आहे."

"विमानवाल्याने वाचलाय ना तुमचा कायदा?"

मी हसलो आणि 'तिथेच थांब' असे लिहिले. त्याने ऐकले.

रुग्णालय कोसळले, त्यात तो गेला. समोरच्या तेल खात्याच्या इमारतीची काचही फुटली नाही, असे परतलेल्या सोबत्याने सांगितले.

याबाबत सरकारला लिहिलेल्या माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही. बॉम्बफेकीतून वगळायच्या इमारतींची यादी होती काय? असल्यास तीत तेल खाते कोणी घातले आणि रुग्णालय कोणी गाळले? संबंधितांनी वर्तमानपत्रातून, स्वतःच्या सहीनिशी उत्तर द्यावे.