साफ केलेली राई

दिगंबर राऊळांच्या बॅकयार्डात झाडंझुडपं कापायचं मशीन मीच घालायला लावलं. उगाच दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

आम्ही नागपूरचे, राऊळ भाऊजी कोकणातले. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत आमची घरं शेजारीशेजारी. माणूस एकटा, इंजिनीअर, कामापुरतं बोलणारा. त्र्याऐंशी साली त्यांना गावाहून देवस्थानचं पत्र आलं. ‘राई साफ करून सभामंडप बांधायचा आहे. मानकरी म्हणून आपली सही हवी.’ राई म्हणजे त्यांच्या देवीभोवतीचं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी घरी नेत नाही. फांदी तोडायची तरी आधी देवीला कौल लावून विचारायचं. भाऊजींना वाटलं, साफ करणार म्हणजे पालापाचोळा काढणार. ऑफिसला निघता निघता सही ठोकली आणि पाकीट पोस्टात टाकलं. सहा महिन्यांनी फोटो आला. उघड्या माळावर सिमेंटचा मंडप, आजूबाजूला एक झाड नाही.

“वहिनी, इथे प्रत्येक इंग्रजी कागद मी तीनतीनदा वाचून सही करतो,” ते मला म्हणाले. “हे आपलं मराठी पत्र, म्हणून धड वाचलंच नाही.”

त्यानंतर त्यांनी लॉन मो करणं, म्हणजे अंगणातलं गवत कापणं सोडलं. मागे ओकची, मेपलची रोपं आपोआप उगवली. मधे एक दगड ठेवून भाऊजी रोज त्याच्यावर पाणी घालायचे. मी चिडवायचे, “अहो, देवीला इकडे यायला व्हिसा लागेल.” ते हसायचे नाहीत. “येवो न येवो, आपण हात लावायचा नाही,” म्हणायचे. खरं सांगते, मला वाटायचं माणूस आळशी झालाय आणि देवीचं निमित्त करतोय.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये त्यांची आई गेली. “घराकडे लक्ष ठेवा,” एवढं सांगून, किल्ली देऊन ते गावी गेले. आठवड्याभरात दारावर टाउनशिपची नोटीस लागली, दहा दिवसांत रान काढा म्हणून. मी म्हटलं, बिचारा आधीच दुःखात, त्यात हा ताप कशाला? गावी फोन लागणं सोपं नव्हतं, हे खरं. मी लावून पाहिला नाही, हेही खरं. माणूस बोलावला, दुपारभरात सगळं सपाट. रोपांच्या सरळ काठ्या बघून मला मोह झाला. आणून माझ्या टोमॅटोंना टेकू दिले.

महिन्याने भाऊजी आले. डोकं भादरलेलं, केस नुकते उगवत होते. मी कुंपणापाशी उभीच होते, शाबासकी घ्यायला.

“भाऊजी, मागचं सगळं साफ करून ठेवलंय हो.”

‘साफ’ हा शब्द तोंडातून गेला आणि मला ते देवस्थानचं पत्र आठवलं. त्यांनी ती सपाट जमीन पाहिली. मग त्यांना माझे टोमॅटो दिसले. आत येऊन त्यांनी एकेक काठी उपसली, झाडं हलक्या हाताने जमिनीवर टेकवली. काठ्या नेऊन दगडाशी ठेवल्या. मी रडायला लागले. मला चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

“रडू नका, वहिनी,” ते म्हणाले. “तुम्हाला माहीत नव्हतं. मला तर लहानपणापासून माहीत होतं, तरी सही केलीच ना.”

पुढच्या शनिवारी त्यांनी गराजमधून मोअर काढला. मग दर शनिवारी, अख्ख्या गल्लीसारखे. मी खिडकी लावून घ्यायचे, तरी ऐकू यायचंच.