तुर्कांच्या तुरुंगातली तिथी

मिरकरवाड्याच्या जेटीवर अजून कुणी ना कुणी विचारतंच, "मारलं-बिरलं नाय ना रं तिथं?" मारलं नाही. पण पाचावर धारण बसवली, ते मारापेक्षा वाईट.

आखातातल्या एका बंदरात आमचं मालवाहू जहाज लष्कराने अडवलं. मोबाईल जप्त केले आणि माझ्या सामानात त्यांना एक वही सापडली. प्रत्येक बंदरापुढे तिथी आणि भरतीची वेळ. आमच्याकडे शेंबडं पोरही तिथीची पाऊणपट करून भरती सांगतं. परक्या बंदरात वेळ किती पुढे सरकते, ते मी हौसेने टिपायचो. त्यांना वाटलं, ही हेराची खूणभाषा. हौसेला मोल नाही म्हणतात, पण तिथे हेराला गोळी घालत.

तुर्की सुलतानांच्या काळात लष्करी कोर्टाच्या कैद्यांसाठी बांधलेला तुरुंग अजून त्याच कामाला होता. मला त्यात टाकलं. खिडकी नाही. भिंतीवर कैद्यांनी नखांनी ओढलेल्या रेघा. सोबतीला एक म्हातारा कैदी, दुबईत मोटार चालवून हिंदी शिकलेला.

एका सकाळी अधिकारी दुभाष्याला घेऊन आला. "उद्या दुपारची भरती किती वाजता? चुकलास तर हेर." या बंदराचा फरक मला पाठ होता, सव्वा तास. पण तिथी? चंद्र बघून किती दिवस झाले, देव जाणे.

म्हातारा म्हणाला, "आज चाँद की बारह तारीख." चंद्र दिसला का ते पहारेकऱ्याला विचारून तो दर महिन्याचे दिवस मोजत असे.

आली का पंचाईत! त्यांचा महिना कोर दिसल्यावर सुरू होतो. तिथी काढायला बारात एक मिळवू की दोन? एका तिथीला भरती पाऊण तास सरकते. मला शेजारच्या मुसलमान घरातली ईद आठवली. बीजेला कोर दिसायची, तिजेला ईद, म्हणजे त्यांची एक तारीख. तेव्हा दोन. आज चतुर्दशी, उद्या पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, अधिक सव्वा तास. मी साडेबारा सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला आले तेव्हा म्हाताऱ्याने माझा हात धरला. "गिनती ठीक है ना मेरी?"

मला बेड्यांसकट धक्क्यावर उभं केलं. साडेबाराला पाणी चढायचं थांबलं. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, बेड्या काढायला लावल्या आणि मला तिथूनच थेट जहाजावर धाडलं. म्हाताऱ्याला निरोप द्यायचाय म्हणून मी खूप विनवलं. कुणी ऐकलं नाही.

त्या तुरुंगातून सकाळी नेलेला माणूस परत आला नाही, की बाकीचे एकच समजतात. आपली मोजणी चुकली आणि माझा जीव गेला, असं म्हातारा समजून बसला असेल.