रापणीचा दोर

ओल्या सुंभाचा वास आला, की मला नाटे गावच्या किनाऱ्यावरची एक सकाळ आठवते. मी समाजसेविका म्हणून नवीनच होते. एका विधवा मासेविक्रेतीने मला घरी बोलावलं होतं, कारण तिचा कॉलेजातला मुलगा मोबाईलवरच्या कुठल्याशा ग्रुपच्या नादी लागून खाडीपलीकडच्या, दुसऱ्या धर्माच्या लोकांना मारायची भाषा करत होता. ग्रुपमधल्या, कधी न पाहिलेल्या माणसांनी त्याला रविवारी शहरात बोलावलंही होतं. मी समजावत होते, तो मान वर करत नव्हता. तेवढ्यात किनाऱ्यावरून हाळी आली, रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं ओढायला माणसं कमी पडत होती. आईने त्याला दंडाला धरून उठवलं, "आधी दोर धर, मग कर काय ती लढाई!" मीही पदर खोचला. रापणीच्या दोराला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळतो, तो कुठला हे कोणी विचारत नाही. मुलाच्या पुढ्यात खाडीपलीकडचे एक म्हातारे चाचा ओढत होते. वाटे पडल्यावर त्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुझा बापूस नि मी ह्याच दोरावर असायचो. तूपण तसाच ओढतोस रे." वाट्याचे बांगडे उचलून तो घराकडे निघाला. पायरीवर त्याने ते खाली ठेवले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला, "ताई, ह्यातून बाहेर पडायचं तर ते धमक्या देतात. काय करू?" खरं काम तिथून सुरू झालं. आजही असं पोर समोर आलं, की मोबाईलचं नंतर. आधी मी विचारते, ह्याच्या बापाला ओळखणारं पलीकडे कोण आहे?