आतल्या खोलीपर्यंत नेट

बिल्डिंगमधली माणसं तिला टायपिंगवाल्या वहिनी म्हणायची. काम होतं कानाचं आणि बोटांचं. कुठल्या कुठल्या सभांची, चौकशांची, मुलाखतींची रेकॉर्डिंगं तिला नेटवरून यायची. कानाला हेडफोन लावायचा, चार शब्द ऐकायचे, थांबवायचं, टाईप करायचं, नाही कळलं की पुन्हा मागं जायचं. माणसं बोलताना किती खाकरतात आणि किती वाक्यं अर्धीच सोडून देतात, हे तिच्याइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल. बाहेरच्या खोलीत दाराशेजारी तिचा कॉम्प्युटर होता, जुना, लोखंडी डब्याचा. चालू केला की बराच वेळ कण्हायचा आणि मग नाइलाज झाल्यासारखा कामाला लागायचा. त्याच्या डोक्यावर फळीत राऊटर, आणि राऊटरपासून डब्यापर्यंत हातभर वायर.

ती वायर नवऱ्यानं लावलेली. तो नेटच्या कंपनीत लाईनमन होता. आसपासच्या निम्म्या घरांत नेट त्याच्या हातून गेलेलं. गच्चीवरून, जिन्यातून, खिडकीच्या चौकटीच्या कडेनं तो वायर अशी न्यायचा, की नंतर घरच्यांनाच ती शोधावी लागे. तोंडानं फटकळ, हात मात्र हलका. एके दिवशी दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यावरून पडला तो थेट पाठीवर. जीव वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधला नव्हता, एवढं एकच कारण पुढं करून कंपनीनं अंग काढून घेतलं.

तेव्हापासून तो आतल्या खोलीत खाटेवर. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा. काही लागलं की पेल्यावर चमचा वाजवायचा, ती बाहेरून उठून यायची. चिडचिड दोघांचीही व्हायची, पण गाडी चालली होती. मग हिवाळ्यात त्याची छाती भरली. दवाखान्यातून परत आला तो निम्मा होऊन. खोकायची ताकदच उरली नव्हती. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की कफ अडकला तर त्याला स्वतःला कुशीवर वळता येणार नाही, हाक मारण्याइतका दमही राहणार नाही. कुणीतरी सतत जवळ हवं.

कुणीतरी म्हणजे तीच. मूलबाळ नव्हतं. त्याची थोरली बहीण आली, आठवडाभर राहिली, भावाला न्हाऊमाखू घातलं आणि आपल्या संसाराला परत गेली. मग कॉम्प्युटरच आत न्यायचा असं ठरलं.

घरमालकानं भिंतीला भोक पाडायला साफ नकार दिला. म्हणून लांब वायर आणून जमिनीवरून, दारातून आत घेतली. पण त्याच दारातून त्याची चाकांची खुर्ची संडासापर्यंत जायची. पहिल्याच आठवड्यात चाकाखाली वायर पिचली आणि पाठवत असलेलं काम मध्येच अडकलं. तेव्हा त्यानं आपली हत्यारांची पिशवी मागितली. छातीवर पंचा पसरला, वायरीचं टोक सोललं, आतल्या रंगीत तारा ओळीत लावल्या आणि पक्कड दाबून नवा प्लग बसवला. पहिल्यांदा पक्कड पुरती दाबली गेली नाही, म्हणून दोनदा करावं लागलं. नेट चालू झालं तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

पंधरवड्यानं वायर पुन्हा पिचली, आणि या खेपेला खुर्ची ढकलताना ती स्वतःच वायरीत पाय अडकून पडली. खुर्चीत तो होताच. खुर्ची दारावर आदळली, त्याच्या कोपराला खोक पडली. रक्त पुसता पुसता ती म्हणाली, की हे असं नाही चालायचं, मी वायरलेसचं काय ते बघते.

त्यानं नुसतं तोंड भिंतीकडं फिरवलं. हे शिव्यांपेक्षा वाईट होतं.

जुन्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं एक दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. दुकानदारानं दोन पर्याय सांगितले. एक कार्ड, डबा उघडून आत बसवायचं, ताकद जास्त. दुसरं बोटाच्या पेराएवढं यंत्र, नुसतं डब्यात खोचायचं. नवा कॉम्प्युटरच घ्या, असंही त्यानं म्हणून पाहिलं. पण तिच्या चपलेकडे लक्ष गेल्यावर तो विषय त्यानंच सोडला. तिनं ते खोचायचं घेतलं, आणि तेही कुणीतरी वापरून परत केलेलं.

घरी येऊन तिनं ते आतल्या खोलीत डब्याच्या पाठीमागं खोचलं. कॉम्प्युटरला त्याची ओळखच पटेना. सोबत एक सीडी होती, पण सीडीचा कप्पा केव्हाच मेलेला. सॉफ्टवेअर नेटवरून उतरवा, असं पडद्यावर आलं. नेट हवं म्हणून यंत्र आणलं, आणि यंत्र चालायला आधी नेट हवं. ती डोकं धरून बसली. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. तिचे सुस्कारे ऐकून ऐकून शेवटी त्याच्याच्यानं राहवेना.

"डबा बाहेर ने. राऊटरजवळ माझी वायर लाव. तिच्यावरून ते सॉफ्टवेअर उतरवून घे, मग आण आत."

तिनं तसं केलं. पडदा, डबा, कीबोर्ड बाहेर नेलं, तासाभरानं परत आत आणलं. यंत्राचा हिरवा दिवा लागला. नेट आलं, पण इतकं मंद, की एक रेकॉर्डिंग उतरेपर्यंत भात दोनदा शिजला असता.

"मागं खोचलंयस ना?" तो म्हणाला. "पुढं लोखंडी डबा, बाजूला लोखंडी कपाट. येणार कुठून? यंत्राला जोडवायर घाल आणि ते वर टांग, दाराच्या तोंडाशी."

शेजारणीकडून एक जुनी जोडवायर मिळाली. तिनं यंत्र तिच्या टोकाला लावून चौकटीवरच्या खिळ्याला बांधलं. नेट सुरळीत चालू झालं. ती काही बोलणार, तेवढ्यात तो म्हणाला, "चला, आमचं काम संपलं." हसत म्हणाला, पण त्या रात्री जेवला नाही.

पुढचे दोन महिने दोघं एकाच खोलीत होते. लग्नानंतर इतके ते कधीच एकत्र राहिले नव्हते. टेबल खाटेच्या उजवीकडं होतं. खाटेकडचा डावा कान मोकळा ठेवायचा, हेडफोन फक्त उजव्या कानाला, असं तिनं त्याला कबूल केलं होतं. त्याचा श्वास ऐकत ती परक्या माणसांची भांडणं टाईप करायची. घशात घरघर सुरू झाली की उठायची, कुशीवर वळवायची, पाठीवर ओंजळीनं थापटायची, तस्त पुढं धरायची. दुपारी तो विचारायचा, आज कोण भांडतंय? ती थोडक्यात सांगायची. कुठल्याशा सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीचं भांडण त्याला फार आवडलं होतं, पुढं काय झालं म्हणून तो आठवडाभर विचारत राहिला. बाकी वेळ पडद्याच्या उजेडाला शिव्या देणं चालू असायचंच. एकदा त्यानं, आपण मेलो तर तुला जरा पाय पसरायला जागा होईल, असं म्हटलं. तिनं त्याच्याकडं न बघता टाईप करणं चालू ठेवलं.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी तिच्याकडं एका चौकशीचं रेकॉर्डिंग होतं. मोठा हॉल, पंख्यांची घरघर, बोलणारा तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा. संध्याकाळपर्यंत काम जायला हवं होतं. एक वाक्य काही केल्या लागेना. सकाळपासून त्याची छाती बरी होती, पेज प्यायला होता आणि डोळे मिटून पडला होता. तिनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि हेडफोन दुसऱ्या कानावरही ओढला. त्या एका वाक्यापुरता. ते वाक्य लागलं. पुढचंही त्याच माणसाचं होतं, म्हणून हेडफोन तसाच राहिला.

किती वेळ गेला, ते तिला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. पान संपलं म्हणून तिनं मान वळवली. त्याचं तोंड तिच्याच बाजूला होतं. डोळे उघडे होते. एक हात खाटेबाहेर लोंबत होता. पेला खाली फरशीवर, खाटेच्या पायापाशी आडवा पडलेला. स्टीलचा पेला फरशीवर पडला की खालच्या मजल्यावर ऐकू जातो.

तिनं त्याला वळवलं, थापटलं, तोंडात बोट घालून जमेल तेवढं काढलं. शेजारच्यांना हाका मारल्या. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. झोपेतच गेले, त्रास झाला नसावा, असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली, तिनंही. पेला तोवर तिनं उचलून उशाशी ठेवून दिला होता.

नणंद आली, दिवसपाणी उरकेपर्यंत राहिली. निघायच्या आदल्या दिवशी ती आतली खोली झाडत असताना टायपिंगवाल्या वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. हेडफोनचं, पेल्याचं, उघड्या डोळ्यांचं. नणंदेनं झाडू भिंतीला टेकवला.

"हे मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली.

"दुसरं कोण आहे, ताई?"

नणंदेनं रिकाम्या खाटेवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मी आठवडाभर राहून गेले होते. राहायचंच असतं तर राहता आलं असतं मला." तिनं भावजयीच्या पाठीवरून हात फिरवला नाही की तिला दोषही दिला नाही. झाडू उचलून उरलेला कोपरा झाडला. दुसऱ्या दिवशी गेली, आणि त्यानंतर तिचे फोन हळूहळू कमी होत गेले.

चौकशीचं ते रेकॉर्डिंग अर्धवटच होतं. घरी काय झालंय हे तिनं कळवलं होतं. काम देणाऱ्यांनी सांत्वनाच्या दोन ओळी पाठवल्या आणि खाली विचारलं, की उरलेला भाग केव्हा मिळेल. तिनं कॉम्प्युटर लावला. जिथं थांबली होती, तिथूनच ते सुरू झालं. तोच हॉल, तेच पंखे, तोच पुटपुटणारा माणूस, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. तिनं हेडफोन काढून ठेवला आणि आवाज खोलीत मोठा सोडून काम पुरं केलं. शब्द बरेच चुकले. पुढंही तिनं हेडफोन लावला नाही. चुका वाढल्या, तशी कामं रोडावली. आता ती बहुतेक कागदावरचंच टाईप करते, जे डोळ्यांनी वाचता येतं.

परवा वरच्या मजल्यावरची बाई आली होती. तिच्या सासऱ्यांची खाट आता आतल्या खोलीत हलवायची होती, आणि तिचा कॉम्प्युटरही असाच जुना. तुम्ही नेट आतपर्यंत कसं आणलंत, असं तिनं विचारलं. टायपिंगवाल्या वहिनींनी तिला खुर्ची दिली. दुकान सांगितलं, सॉफ्टवेअर आधी वायर लावून उतरवायचं ते सांगितलं, लोखंडी कपाटाचं, जोडवायरीचं, चौकटीवरच्या खिळ्याचंही सगळं नीट समजावलं. बाई आभार मानून उठली.

ती जिन्यापर्यंत पोचली असेल, तेवढ्यात वहिनी दारात आल्या. एका कानाचं सांगायचं राहिलं होतं. हाक मारायला तोंड उघडलं, पण वरून सासऱ्यांचा खोकला ऐकू आला आणि बाई घाईनं पायऱ्या चढून गेली.