वाकड्या फुलांची बाजू

"आंटी, थोडा साइड में आइए ना. सिमेट्री बिगड रही है."

माझ्या लेकीच्या हळदीच्या सकाळी, मीरा रोडच्या हॉलमध्ये, फोटोग्राफर मला असं म्हणाला. आम्ही घाणा भरत होतो. म्हणजे पाच सवाष्णींनी आंब्याची पानं बांधलेलं मुसळ मिळून धरायचं आणि उखळात लग्नाची हळद कांडायची. त्या पाचांत मी एक, नवरीची आई. मला बाजूला व्हायला का सांगत होते? माझं तोंड वाकडं आहे म्हणून. तसं कुणी बोललं नाही, पण मी काही कुक्कुलं बाळ नव्हे.

आदल्या वर्षी एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळून ब्लाउजवर आलं. आरशात बघते तर चेहऱ्याची उजवी बाजू उतरलेली. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, होईल बरं. झालंही बरंचसं. पण हसले की अजून डावाच कोपरा वर जातो, उजवा जागचा हलत नाही. तेव्हापासून लोक माझ्या कपाळाकडे बघून बोलतात. बोलू देत.

पण सिमेट्री? मेल्या, सिमेट्री तू मला शिकवणार? मी ज्युनिअर कॉलेजात बॉटनी शिकवते. फुलांची सिमेट्री हा माझा लाडका धडा.

त्या धड्याला मी घरच्या ग्रिलवरची गोकर्णीची फुलं नेते. माझ्याकडे दोन वेल आहेत, एक साधा आणि एक डबल. राई गावातल्या एका मैत्रिणीनं तिच्या कुंपणावरच्या शेंगा दिल्या होत्या, त्यातून आलेले. आधी कमळाचं चित्र काढायचं आणि विचारायचं, सुरी कुठून लावली तर दोन सारखे भाग होतील? कुठूनही लावा. मग साधी गोकर्ण हातात द्यायची. हिला सुरी लावायला एकच जागा, मधोमध, उभी. पाकळ्या पाच, पण एक ऐसपैस पसरलेली, तिला पताका म्हणतात, दोन कडेच्या आणि दोन आत लपलेल्या, चिमुकल्या. त्यातही गोकर्ण उफराटी. वाल-वाटाण्यासारख्या तिच्या बहिणींची पताका वर असते, हिची खाली. किड्याला बसायला पाट मांडून ठेवल्यासारखी.

मुलं म्हणतात, मॅम, म्हणजे गोल फूल परफेक्ट आणि हे बिघडलेलं? इथे माझा आवाज चढतो. अरे, जुनी फुलं गोल होती. वाकडी नंतर आली, आणि एकदाच नाही, वेगवेगळ्या कुळांत, एकमेकांचं न बघता, पुन्हा पुन्हा आली. किडा समोरून येतो, एका बाजूनं आत शिरतो. त्याच्या अंगावर पराग नेमका लागावा असं दार ज्यांनी केलं, त्यांचं भलं झालं. ऑर्किड बघा, वाल बघा, तुळस बघा. वाकडेपणावर त्यांनी संसार थाटलेत.

आणि हे करतो कोण? एक जीन. तो फुलाच्या एकाच बाजूला जागा असतो. जिथे तो जागा, तिथली पाकळी वेगळी होते. डबल गोकर्णीत पाचही पाकळ्या पताका झालेल्या दिसतात, जणू एकीला दिलेला हुकूम सगळ्यांनी ऐकला.

शेवटी मी राक्षसाची गोष्ट सांगते. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी युरोपातल्या एका मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञापुढे एक फूल आलं. त्या जातीची फुलं एरवी ओठ काढलेली, वाकडी. हे मात्र चक्क गोल, सगळीकडून सारखं. त्याला धक्काच बसला. त्यानं त्याला नाव दिलं, राक्षस! गोल फुलाला! पुढे कित्येक वर्षांनी लोकांनी त्याचा जीन तपासला, तर जीन शाबूत होता. कुठे मोडलेला नाही, तुटलेला नाही. नुसता गप्प बसवलेला. वर्ग दरवेळी हसतो, आणि मी म्हणते, हसा, पण राक्षस कोण हे नेहमी बघणारा ठरवतो, एवढं लिहून घ्या.

तर हॉलमध्ये मी फोटोग्राफरला विचारलं, "बेटा, सिमेट्री दो टाइप की होती है. तुमको कौनसी चाहिए?"

तो गोंधळला. "आंटी, बस, अच्छीवाली."

बायका खो खो हसल्या. पण मोठ्या जाऊबाई हसल्या नाहीत. मुसळाच्या पलीकडून मला म्हणाल्या, "अगं, फोटोपुरती हो की बाजूला. माझी सून उभी राहील तुझ्या जागी. व्याही मंडळी बघणार हे फोटो, शुभकार्यात व्यंग कशाला दिसायला हवं?"

व्यंग! माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी त्यांचं मी मनाला लावून घेतलं नसतं, त्यांची जीभ मला नवीन नाही. पण पाटावर बसलेली माझी लेक खाली बघत हळूच म्हणाली, "आई, दोनच मिनिटं गं. मग ये ना परत."

हिला मी जन्म दिला, आणि हिच्याच हळदीत मी दोन मिनिटं नको होते.

"नाही होणार बाजूला," मी तिला म्हटलं. "तुला माझं तोंड नको असेल तर फोटो काढू नकोस, बाई. मुसळावरचा हात मी काढणार नाही."

मी घाणा पुन्हा सुरू केला. प आणि ब माझ्या ओठांतून निसटतात, तरी ओव्या मीच म्हटल्या, मोठ्यानं. कॅमेरा समोर आला तेव्हा मुद्दाम हसले, जेवढं वाकडं हसता येईल तेवढं.

पाठवणीपर्यंत आम्ही मायलेकी कामापुरतंच बोललो.

मग लग्नाचे फोटो आले. हळदीचा उघडला आणि मी बघतच राहिले. माझा चेहरा सरळ! त्या शहाण्यानं कॉम्प्युटरवर माझी डावी, चांगली बाजू उलटवून उजवीकडे चिकटवली होती. आणि नथ डाव्या नाकपुडीत असते. त्यामुळे फोटोत माझ्या नाकात दोन नथी, मिशा काढाव्यात तशा.

तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, फोटो बघितलास?"

"बघितला. अच्छीवाली सिमेट्री."

मला वाटलं हसेल. ती हुंदके देत होती. "मी झापलं त्याला. म्हटलं, ही बाई कोण आहे? माझी आई परत दे मला."

मूळ फोटो त्यानं त्याच दिवशी पाठवला. मी एका बाजूनं हसतेय, तिरकी, दात दिसतायत, आणि लेक मान वर करून माझ्याकडे बघतेय. त्या वेळी तिनं मान वर केलेली मी पाहिलीच नव्हती. तिनं तो मोठा करून भिंतीवर लावला, तिच्या सासरी, हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्याला पहिला दिसेल असा. मला विचारलंसुद्धा नाही.